नापास दरी

४ डिसेंबर २०२४ रोजी, बुधवारी, सकाळी साडेसातला दोनतीन मिनिटे कमी असताना आमच्या घरांतील फळीवरचे पेले एकमेकांवर वाजू लागले. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि एकाच गल्लीत राहतो. त्यामुळे घाबरून अंगणात आलेली आमची दोन्ही कुटुंबे एकमेकांकडे पाहत उभी राहिली. गडचिरोली जिल्ह्यात जमीन हलत नाही, हलतात ती माणसे, अशी आमची समजूत होती. तासाभरात बातमी आली की भूकंपाचे केंद्र गोदावरीपलीकडे, तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात होते आणि त्याची तीव्रता ५.३ होती. चंद्रपूरपर्यंत लोकांना हादरा जाणवला होता. कुणाला इजा झाली नाही हे कळल्यावर आम्ही नित्याप्रमाणे अकराच्या तासाला गेलो.

दुपारी फोन आला. बोलणारी आमची जुनी विद्यार्थिनी होती, सिरोंचा तालुक्यातली. "सर, बरे आहा ना जी? मॅडम पण?" तिच्या घराची चारदोन कवेलू खाली आली होती, एवढेच. मग ती हसत म्हणाली, "ती आपली नापास दरी हालली, सर."

तिच्या हसण्यात आम्हांला सामील होता आले नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

२०१९च्या पावसाळ्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्ही भाषांतर शिकवत होतो. ललित उतारे देऊन देऊन कंटाळा आला होता. शास्त्रीय गद्याचे भाषांतर करताना मराठीचा खरा कस लागतो, असे आम्हांपैकी एकाचे मत. (दुसऱ्याचे मत असे की कस लागतो तो विद्यार्थ्यांचा. असो.) भूगोलाच्या सहकाऱ्यांच्या कपाटातून एक इंग्रजी पुस्तक काढून त्यातील पानभर मजकूर आम्ही अंतर्गत परीक्षेसाठी निवडला. विषय होता महासागरांच्या तळाशी असलेल्या पर्वतरांगांचा. साऱ्या पृथ्वीला चेंडूच्या शिवणीसारखी वेढणारी, सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीची एक रांग समुद्राखाली आहे. तिचा माथाही सरासरी अडीच किलोमीटर पाण्याखाली असतो. त्या माथ्याशी भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात, खालचे तप्त प्रावरण वर येते, वर येताना त्याच्यावरील दाब कमी झाल्याने त्याचा काही अंश वितळतो आणि त्या शिलारसाचा थिजून बेसाल्ट बनतो. समुद्राचा तळ असा तेथे रोज नव्याने घडतो. उताऱ्याच्या अखेरीस दोन वाक्ये होती. हे सारे आधी जमिनीवर सुरू होते, भूखंड ताणला जातो, पातळ होतो, मधला भाग खचतो, हे पहिल्यात. काही खचदऱ्या पुढे समुद्र होतात आणि काही मध्येच थांबतात, ज्यांना भूशास्त्रज्ञ 'फेल्ड रिफ्ट' म्हणतात, हे दुसऱ्यात.

वर्गातील भाषांतरे पाहण्यासारखी होती. 'रिज' या शब्दाला कोशात 'कटक' असा प्रतिशब्द आहे. मराठी विद्यार्थ्याला 'कटक' म्हटले की सैन्य आठवते, नाहीतर ओडिशातले शहर. वरोऱ्याकडच्या एका कापूसवाल्याच्या मुलाने सरळ 'वरंबा' लिहिले. आम्ही त्या शब्दाखाली रेघ मारली खरी, पण मनातून तो आवडला. अटलांटिकसारख्या सावकाश रुंदावणाऱ्या समुद्रात रांगेच्या ऐन माथ्यावर एक खोल घळ असते. वरंब्याच्या डोक्यावरच सरी पडावी तशी. शेतकऱ्याच्या पोराला ते चित्र न सांगता दिसले होते.

आणि मागच्या बाकावरून आलेल्या उत्तरपत्रिकेत 'फेल्ड रिफ्ट'चे भाषांतर होते: 'नापास दरी'.

पेपर परत देताना आम्हांपैकी एकाने तो शब्द मोठ्याने वाचला. वर्गात हशा पिकला. वाचणाराही हसला. मधल्या सुटीत दुसऱ्याने तो किस्सा प्राध्यापक-कक्षात रंगवून सांगितला. कोण पहिला आणि कोण दुसरा हे येथे सांगत नाही, कारण फरक पडत नाही. 'आम्ही' या सर्वनामाची ही एक सोय आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की आत येतो. हा भेद मराठीला द्राविड भाषांच्या शेजारामुळे लाभला असे भाषाशास्त्राचे अभ्यासक मानतात. तेलुगूत तो 'मेमु' आणि 'मनमु' असा आजही स्पष्ट आहे. ही गोष्ट आम्ही दरवर्षी शिकवतो. ज्या मुलीला हसलो तिच्या घरी गोंडी होती, बाजारात तेलुगू आणि आश्रमशाळेत मराठी. तिच्यासमोर त्या दिवशी आम्ही कोणते सर्वनाम वापरत होतो हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतर ती तीनचार आठवडे वर्गात दिसली नाही. परत आली, दुसरे वर्ष कसेबसे पार पडले आणि मग तिने महाविद्यालय सोडले. घरची कारणे होती, करोनाची टाळेबंदी आली. आमचे हसणे हेही एक कारण होते का, हे आम्ही तिला कधी विचारले नाही. पुढे तिने बाहेरून परीक्षा देऊन पदवी घेतली. आता ती गावाजवळच्या सेवा केंद्रात दाखल्यांचे अर्ज भरून देते.

तो शब्द मात्र आमच्या मागे लागला. 'अयशस्वी खचदरी' हा प्रतिशब्द आम्ही फळ्यावर लिहून दिला होता. त्यात व्याकरणाची चूक नाही, पण अर्थाची आहे. यशाची इच्छा असल्याखेरीज अपयश येत नाही आणि दरीला इच्छा नसते. 'नापास'चे तसे नाही. नापास कुणी आपण होऊन होत नाही. दुसरा कुणीतरी करतो. समुद्र झालात तर पास, ही परीक्षा भूशास्त्रज्ञांची. इंग्रजी शब्दात दडलेला तो परीक्षक एका मुलीने मराठीत उघडा केला होता आणि तिच्यापुढे उभ्या असलेल्या दोन परीक्षकांनी त्यावर तांबडी रेघ ओढली होती.

भूगोलाच्या सहकाऱ्यांना आम्ही एकदा सहज विचारले की अशी नापास दरी कुठे पाहायला मिळेल. ते म्हणाले, "पाहायला कशाला जाता? त्यात राहता की." प्राणहिता-गोदावरीचे खोरे म्हणजे अशीच एक खचदरी. वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेल्या या पट्ट्यात वर्धा खोऱ्यातील कोळशाची क्षेत्रे येतात, प्राणहिता येते, सिरोंच्याचा संगम येतो आणि पुढे गोदावरी थेट पूर्व किनाऱ्याकडे निघते. तीस कोटी वर्षांच्या आसपास, भारत जेव्हा आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया यांना चिकटून होता, तेव्हा येथील जमीन ताणली जाऊ लागली. दोन्ही बाजूंना भ्रंश पडून मधला पट्टा खचत राहिला. खचणाऱ्या खोलगट भागात नद्या गाळ आणून ओतत राहिल्या, दलदली माजल्या, झाडे पडून गाळाखाली गेली. जमीन खचत नसती तर तो पाला कुजून वाऱ्यावर गेला असता. ती खचत राहिली म्हणून काही किलोमीटर जाडीचे थर साठले आणि पाल्याचा कोळसा झाला. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक विद्युत केंद्रात जो जळतो तो हा. ताण वाढत गेला असता तर येथे समुद्र शिरला असता, तळाशी बेसाल्टचा वरंबा उठला असता आणि बल्लारपूर एका भूखंडावर तर सिरोंचा दुसऱ्यावर असते. तसे झाले नाही. भूखंड पुढे, सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी, फाटला तो पूर्व किनाऱ्याच्या बाजूने. आमची दरी अर्ध्यावर राहिली.

यातून 'अपयशातही सोने दडलेले असते' छापाचे सुभाषित काढण्याचा मोह वाचकांनी आवरावा. कोळशाने या जिल्ह्यांना काय दिले आणि काय नेले याचा हिशेब घुग्घुस-माजरीकडच्या धुळीत उभे राहून मांडावा लागेल.

आता प्रश्न असा, की तीस कोटी वर्षांपूर्वी काय झाले आणि तीन किलोमीटर पाण्याखाली काय चालले आहे, हे माणसाला कळले कसे? वाङ्मयाच्या अभ्यासकाला यात विशेष रस वाटावा, कारण ही बरीचशी वाचनाची गोष्ट आहे. जहाजावरून ध्वनी तळाकडे सोडायचा, तो परत येण्यास किती वेळ लागला ते मोजायचे आणि त्यावरून खोली काढायची. अटलांटिकच्या अशा हजारो नोंदी १९५२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मेरी थार्प कागदावर उतरवत होत्या. स्त्रियांना तेव्हा संशोधन-जहाजावर प्रवेश नव्हता, त्यामुळे इतरांनी आणलेले आकडे टेबलाशी बसून वाचणे हे त्यांचे काम. रांगेच्या माथ्यावर प्रत्येक रेषेत त्यांना तीच घळ दिसली. याचा अर्थ तेथे तळ दुभंगतो आहे, असे त्यांनी सहकारी ब्रूस हीझन यांना सांगितले. हीझन यांनी ती बायकी बडबड म्हणून उडवून लावली. पुढे भूकंपांची केंद्रे नकाशावर मांडली गेली तेव्हा ती त्या घळीतच ओळीने उभी राहिली आणि हीझन यांना मान्य करावे लागले.

दुसरी गोष्ट आपल्या अरबी समुद्रातली. तेथील रांगेला कार्ल्सबर्ग रांग म्हणतात. १९२८ ते १९३० या काळातील 'डाना' जहाजाच्या डॅनिश मोहिमेत ती आढळली आणि मोहिमेला पैसे पुरवणाऱ्या प्रतिष्ठानाचे नाव तिला मिळाले. ते प्रतिष्ठान एका बिअर-कारखान्याचे. १९९३पासून दारूबंदी असलेल्या आमच्या जिल्ह्यात हे नाव वर्गात उच्चारताना मागच्या बाकांवर नेमकी कोणती कुजबुज होते हे आम्हांला ठाऊक आहे. १९३३-३४ साली 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजावरून सीमूर सीवेल यांच्या नेतृत्वाखाली या रांगेची पाहणी झाली. सीवेल हे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक राहिलेले. रांगेवरची घळ आफ्रिकेतील खचदऱ्यांसारखी दिसते, हे साम्य १९३७ सालीच नोंदले गेले. जमिनीवरची दरी आणि समुद्रातली घळ ही एकाच गोष्टीची दोन वये आहेत हे सिद्ध व्हायला मात्र आणखी पंचवीस वर्षे लागली.

१९६२ साली, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात, ब्रिटिश जहाज 'ओवेन'ने कार्ल्सबर्ग रांगेच्या एका तुकड्यावरून चुंबकीय मोजमापे घेतली. ड्रमंड मॅथ्यूज यांनी ती केंब्रिजला आणली आणि त्यांचे संशोधक विद्यार्थी फ्रेड व्हाइन यांनी ती वाचली. बेसाल्ट थिजताना त्यातील लोहयुक्त खनिजे त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडून ठेवतात. ते क्षेत्र अधूनमधून उलटते. तळ जर मधून दोन्हीकडे सरकत असेल, तर सुलट-उलट, सुलट-उलट असे पट्टे दोन्ही अंगांना आरशातल्यासारखे उमटले पाहिजेत. ७ सप्टेंबर १९६३च्या 'नेचर'मध्ये हा निबंध छापून आला. हीच कल्पना त्याच वर्षी कॅनडाच्या लॉरेन्स मोर्ले यांनी लिहून पाठवली होती. दोन नियतकालिकांनी ती साभार परत केली, त्यांतले एक 'नेचर'च. कवितासंग्रहांच्या बाबतीत असे घडते हे आम्हांला माहीत होते.

आम्हांपैकी एकजण चर्चासत्रासाठी गोव्यास गेला असता दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची इमारत बाहेरून पाहून आला. त्याच मोहिमेच्या पुण्याईवर १ जानेवारी १९६६ रोजी ती स्थापन झाली. कार्ल्सबर्ग रांग आणि तिच्या दक्षिणेची मध्य हिंदी महासागरी रांग यांवर तेथील संशोधक अनेक वर्षे काम करीत आले आहेत. आता एकाच ध्वनीऐवजी पंख्यासारखी शेकडो ध्वनिकिरणे सोडून तळाचा पट्टाच्या पट्टा मोजतात, जाळीच्या पिंपासारखे साधन तळावरून ओढत दगड वर आणतात, पाण्याचे तापमान आणि गढूळपणा तपासून उष्ण झऱ्यांचा माग काढतात. डिसेंबर २०२४मध्येच, म्हणजे आमचे पेले वाजले त्याच महिन्यात, भारतीय संशोधकांनी सुमारे ४,५०० मीटर खोलीवरील एका सक्रिय उष्ण झऱ्याची छायाचित्रे स्वयंचलित पाणयानाने टिपल्याची बातमी आली. या झऱ्यांभोवती धातूंचे गंधकयुक्त साठे जमतात. २०१६ साली भारताने हिंदी महासागराच्या रांगांवर १०,००० चौरस किलोमीटरमध्ये त्यांच्या शोधाचा करार केला आणि २०२५ साली कार्ल्सबर्ग रांगेसाठी आणखी एक. हे वाचून आम्हांला सुरजागडचा लोहखनिजाचा डोंगर आठवला. तेथे निदान विचारण्यासारखी माणसे होती. विचारले किती, हा प्रश्न निराळा.

आणि या साऱ्या विद्येत आमचा भाग एका शब्दाचा आहे. जुळलेल्या त्या भूखंडांना जग 'गोंडवाना' म्हणते. हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ साली येथील खडकांसाठी हे नाव वापरले आणि १८८५ साली एडुआर्ड झ्यूस यांनी ते ओढून भूखंडाएवढे केले. गोंडांचे वन. ज्यांची राजधानी चांदा होती त्यांचे. ब्राझील, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया येथील विद्यार्थी हा शब्द पाठ करतात. दक्षिण ध्रुवाहून परतताना मेलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तंबूजवळ १९१२ साली जे दगड सापडले, त्यांत ग्लोसॉप्टेरिस या वनस्पतीची पाने होती; तीच पाने चंद्रपूरच्या कोळशाच्या थरांत सापडतात. पानाचा आकार जिभेसारखा, म्हणून ग्रीक भाषेतले ते नाव. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या मुलखातले खडक गोळा केले, सिरोंच्याजवळच्या कोटा येथील माशांचे जीवाश्म अभ्यासले आणि त्याच माणसाने गोंडांची लिंगोगाथा गोंडीतून उतरवून घेतली. १८६३ साली ते ओढ्याच्या पुरात बुडाले आणि ती गाथा १८६६ साली, त्यांच्या मागे, छापली गेली. दगड आणि भाषा एकाच पिशवीत घालणारा असा अभ्यासक पुढे झाला नाही. आमच्या विद्यापीठाचे नावही २०११पासून गोंडवानाच आहे. त्या विद्यापीठाच्या मराठीच्या वर्गात गोंडी बोलणारी मुलगी मागच्या बाकावर बसते.

भूकंपानंतर महिनाभराने आम्ही सिरोंच्याला गेलो. आलापल्लीपासून पुढचा रस्ता हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. तीच आम्हांला वडधमला घेऊन गेली. तेथे वनखात्याने राखलेल्या जागेत झाडांचे ओंडके पडले आहेत, सालीच्या रेघा शाबूत, आणि हात लावावा तर दगड. खचत्या दरीतील गाळाने त्यांना झाकून ठेवले होते. याच खोऱ्यातील कोटा शैलसमूहातून निघालेल्या प्रचंड डायनोसॉरचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. त्याचे नाव बारापासॉरस टागोराय. बारापा म्हणजे बंगालीत मोठा पाय, आणि उत्खननाचा पहिला हंगाम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षातला, म्हणून टागोर. हे ऐकून ती म्हणाली, "आमच्या इथला, अन् नाव बंगाली." आम्ही काही बोललो नाही. मराठी द्यावे असे सुचवणार होतो, ते वेळीच गिळले.

ओंडक्याजवळ बसून आम्ही तिला विचारले की 'रिफ्ट'ला ती आज काय म्हणेल. "तेलुगूत पगुलु म्हणतात, जी. तडा." आणि गोंडीत? तिने एक शब्द सांगितला, आमच्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि उच्चार चुकतो म्हणून हसली. या वेळी आम्हीही हसलो. तो शब्द येथे लिहीत नाही, कारण देवनागरीत तो आम्हांला नीट लिहिता आला नाही.

निघताना तिने विचारले, "सर, त्या पेपरात माझे दोन मार्क कापले होते. ते बरोबर होते की नाही?"

अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका काही वर्षांनी रद्दीत जातात. तिची आमच्या कपाटात आहे. २०१९पासून ती तेथे का राहिली, हे आम्हां दोघांपैकी कुणालाच सांगता येणार नाही. 'नापास दरी'खालची तांबडी शाई अजून फिकी पडलेली नाही. ती उत्तरपत्रिका मागच्या आठवड्यात आम्ही पाकिटात घातली आणि पत्ता लिहिला. सोबतच्या चिठ्ठीत काय लिहावे यावर आमचे अद्याप एकमत व्हायचे आहे.